'गेट' म्हणजे मिळणं, मग 'गेट लॉस्ट' म्हणजे नक्की काय मिळणं?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की ह्यावेळी सदर एकाच इंग्रजी शब्दावर, आणि शब्द दिला होता 'गेट'. फाटकवाला नाही, मिळण्यावाला. देवनागरीत दोघं सारखेच दिसतात ही आपली अडचण आहे, बोलताना मात्र फाटकातला 'ए' लांबवायचा आणि शेवटी जरा 'इ'कडे झुकवायचा, ह्यातला मात्र आखूड, पटकन तोडायचा. तर पत्रं भरपूर आली, बरेच प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, ज्यांचं पत्र इथे दिसत नाही त्यांनी रागावू नये, त्यांचं उत्तर कुणाच्या तरी उत्तरात सापडेल.

प्रश्न : ताई, डिक्शनरी उघडली तर गेटपुढे मिळणे, मिळवणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे, पकडणे असं काय काय दिलंय, पाठ करायला बसलो तर जन्म जाईल. ह्याला काही एक सूत्र आहे का, की जिथे क्रियापद आठवलं नाही तिथे इंग्रजांनी गेट टाकून दिलंय?

तुमचा दुसरा संशय अगदीच खोटा नाही, बोलताना ते लोक खरंच असं करतात. पण सूत्र आहे. गेट म्हणजे आधी नव्हतं, आता झालं. बस, एवढंच. 'बी' आणि 'हॅव' ही क्रियापदं काय आहे ते सांगतात, गेट काय झालं ते सांगतं. 'इट इज डार्क' म्हणजे अंधार आहे, 'इट इज गेटिंग डार्क' म्हणजे अंधार पडतोय. 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे मला सर्दी आहे, 'आय गॉट अ कोल्ड' म्हणजे सर्दी झाली. 'शी इज मॅरिड', तिचं लग्न झालेलं आहे, 'शी गॉट मॅरिड', तिनं लग्न केलं, म्हणजे काल नव्हतं आणि आज आहे. मराठीत आपण 'असणं' आणि 'होणं' ह्यात कधी गोंधळत नाही ना, मग इथेही गोंधळायचं कारण नाही.

आता अर्थ वेगवेगळे का दिसतात, तर गेटच्या मागोमाग काय येतंय त्यावरून. मागून एखादी वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं, 'आय गॉट अ लेटर', पत्र आलं. मागून विशेषण आलं तर होणं, 'आय गॉट वेट', भिजलो. मागून ठिकाण आलं तर पोचणं, 'आय गॉट होम', घरी पोचलो. (इथे 'टु' घालायचं नाही, होम, हिअर आणि देअर ह्यांना टु चालत नाही, पण 'गेट टु द स्टेशन' म्हणताना लागतं.) आणि मागून 'टु' आणि क्रियापद आलं तर आपलं ते 'करायला मिळणं', 'आय गॉट टु सी द सी', समुद्र बघायला मिळाला. हे शेवटचं तर मराठीशी इतकं तंतोतंत जुळतं की आपल्याला त्रास होऊच नये.

समजणं हा अर्थ तेवढा वेगळा वाटतो, 'आय गेट इट', मला कळलं. पण तोही मिळण्याचाच भाऊ आहे, गोष्ट हाताऐवजी डोक्याला मिळाली इतकंच. लॅटिनमध्येही 'प्रेहेंदेरे' म्हणजे पकडणं, त्यावरून इंग्रजीत 'कॉम्प्रिहेंड' आला, आणि संस्कृतातल्या 'ग्रह्' म्हणजे पकडण्यावरूनच आपण ज्ञान ग्रहण करतो. पकडलं म्हणजे कळलं, हे सगळीकडे आहे.

एक खड्डा मात्र दाखवून ठेवते. विशेषण आलं तर गेट म्हणजे होणं, पण नाम आलं तर नाही! 'ही गॉट अँग्री' म्हणजे तो चिडला, पण 'ही गॉट अ डॉक्टर' म्हणजे तो डॉक्टर झाला नाही, तो डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर व्हायचं असेल तर 'बिकेम' लागतं, तिथे सुटका नाही. आणि विशेषणांतही काही हट्टी आहेत, माणूस टकला होतो तेव्हा 'गोज बॉल्ड', दूध नासतं तेव्हा 'गोज बॅड' किंवा 'टर्न्स सावर', आणि झोप लागते तेव्हा 'फॉल्स अस्लीप'. ह्यांना नियम लावत बसू नका, कानावर पडू द्या.

प्रश्न : मग 'गेट लॉस्ट' म्हणजे काय मिळणं? शिवी आहे का ती?

वरच्या हिशेबाने बघा, 'लॉस्ट' हे विशेषण, म्हणजे हरवलेला, मग 'गेट लॉस्ट' म्हणजे हरवलेला हो, दिसेनासा हो, तोंड काळं कर. शिवी नाही पण अपमान आहे, साहेबाला म्हणू नये. गंमत म्हणजे 'वी गॉट लॉस्ट' ह्यात कसलाच अपमान नाही, आम्ही रस्ता चुकलो एवढंच. आज्ञा केली की भांडण, हकीकत सांगितली की रस्ता चुकणं. 'गेट वेल सून'चंही तेच, 'वेल' म्हणजे ठणठणीत, लवकर ठणठणीत व्हा.

प्रश्न : जेम, जेंटल, जनरल, जायंट ह्या सगळ्यांत 'जी' अक्षराचा उच्चार 'ज' होतो, मग गेट, गिव्ह, गिफ्ट ह्यातच 'ग' का? मुलीला शिकवताना मी तोंडघशी पडते.

वा, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कारण असं की हे शब्द दोन वेगळ्या दारांनी आत आलेत. जेम, जेंटल, जायंट हे फ्रेंचमधून, म्हणजे मूळ लॅटिनकडून आले, आणि त्या बाजूला 'इ' आणि 'ए'च्या आधीचा 'ग' मऊ होऊन 'ज'कडे गेला होता. गेट, गिव्ह, गिफ्ट, गिअर ह्यांचं नातं मात्र व्हायकिंगांशी. आठव्या शतकाच्या अखेरीपासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे हे लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात लुटायला आले आणि मग तिथेच शेती करत राहिले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'गेता' असं क्रियापद होतं, म्हणजे मिळवणं, तेच इंग्रजीत साधारण १२०० च्या सुमारास लिहिलेलं दिसायला लागतं.

इंग्लंडच्या स्वतःच्या जुन्या भाषेतही ह्याचा चुलतभाऊ होता, पण तो एकटा क्वचितच फिरायचा, उपसर्ग लावून यायचा, आणि त्याचा उच्चार 'य'च्या जवळचा होता. आजचे 'फर्गेट' आणि 'बिगेट' हे त्याच घरातले, आणि त्यांनाही पुढे नॉर्सच्या संगतीने कडक 'ग' लागला, नाहीतर आज आपण 'फर्येट' म्हणत असतो. फर्गेट म्हणजे मुळात हातातलं सुटून जाणं. व्हायकिंगांनी दिलेले शब्द म्हणजे काही युद्धबिद्धाचेच नाहीत हं, स्काय, स्किन, एग, विंडो, हजबंड, एवढंच काय 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंसुद्धा त्यांची. लुटायला आले आणि सर्वनामं देऊन गेले.

मुलीला सांगा, फ्रेंच-लॅटिन घराणं असेल तर 'ज', जुनं जर्मॅनिक (जुनी इंग्रजी, नॉर्स ह्यांचं) घराणं असेल तर 'ग'. अपवाद निघतीलच, पण तोंडघशी पडण्यापेक्षा बरं.

प्रश्न : मी सोमवारी ऑफिसात सहज म्हणालो 'आय कट माय हेअर येस्टरडे' तर परदेशातून आलेल्या बाई माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, अरे वा, छान कापलेस की! सगळे हसले. मी काय चुकलो?

तुम्ही केस स्वतः कापलेत असं सांगितलंत. बाईंनी कौतुकच केलं, त्यांना दोष नको.

आपण मराठीत 'केस कापले' म्हणतो तेव्हा कुणी कापले हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, आणि अगदीच स्पष्ट करायचं असेल तर 'कापून घेतले' म्हणतो. इंग्रजीत ते 'घेतले' सोडता येत नाही आणि तेच काम गेट करतं. 'आय गॉट माय हेअर कट'. क्रम नीट बघा, आधी गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. गाडी दुरुस्त करून घेतली, 'आय गॉट द कार रिपेअर्ड'. फोटो काढून घेतला, 'आय गॉट माय फोटो टेकन'. जिथे जिथे तुमच्या मराठी वाक्यात 'करून घेणं' येतं तिथे हा साचा डोळे मिटून वापरा. गॉटच्या जागी 'हॅड' घातलं तरी अर्थ तोच, जरा जास्त सभ्य वाटतं.

आता कुणाकडून करून घेतलं ते सांगायचं असेल तर साचा बदलतो आणि इथे भलेभले घसरतात. 'आय गॉट हिम टु रिपेअर इट', मी त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं. गेट असेल तर 'टु' पाहिजे. हॅव असेल तर 'टु' नको, 'आय हॅड हिम रिपेअर इट'. 'मेक'लाही नको. आणि तिघांच्या स्वभावात फरक आहे. 'हॅड' म्हणजे सांगितलं आणि त्यानं केलं, त्याचं कामच ते. 'मेड' म्हणजे करायला लावलं, त्याची इच्छा असो नसो. 'गॉट' म्हणजे गोडीगुलाबीनं, मागे लागून, समजूत घालून करवलं. 'आय गॉट माय सन टु ईट स्पिनच' ह्या वाक्यात केवढा पराक्रम दडलाय ते मुलं असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

ह्याच साच्याचं एक उलटं रूपही आहे. 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर', दारात बोट चेमटलं. इथे काही तुम्ही कुणाकडून बोट चेमटून घेतलं नाही, तुमच्या बाबतीत झालं. साचा तोच, पण करवणारा आणि भोगणारा ह्यातला फरक परिस्थिती सांगते. मराठीतही 'मार खाल्ला' म्हणताना आपण काही जेवलेलो नसतो.

प्रश्न : कॉम्प्युटरवर 'गॉटन' लिहिलं तर कधी लाल रेघ येते कधी येत नाही. बरोबर काय? आणि 'आय हॅव' नि 'आय हॅव गॉट' ह्यात फरक आहे का?

लाल रेघ तुमच्या मशीनवर ब्रिटिश इंग्रजी लावलंय की अमेरिकन ह्यावर ठरते. ब्रिटनमध्ये आज तिसरं रूप 'गॉट', अमेरिकेत 'गॉटन'सुद्धा. त्यावरून बरेच लोक गॉटनला अमेरिकन गावठीपणा समजतात, पण तो अमेरिकेत जन्मलेलाच नाही, तो इंग्लंडमधला जुना शब्द आहे, तिकडे मागे पडला आणि अमेरिकेत टिकला. बायबलच्या १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात ईव्ह आपला पहिला मुलगा झाल्यावर 'आय हॅव गॉटन अ मॅन' असंच म्हणते. ब्रिटिशांकडेही त्याचे अवशेष आहेत, 'फर्गॉटन'ला कुणी 'फर्गॉट' करत नाही आणि वाममार्गाने कमावलेल्या पैशाला 'इल-गॉटन' म्हणतात ते दोन्हीकडे.

अमेरिकन लोक तर दोन्ही रूपं ठेवून फरक करतात हे फार छान आहे. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. पहिल्यात नुसतं आहे, दुसऱ्यात झालं. म्हणजे परत आपलं सूत्रच!

'आय हॅव' आणि 'आय हॅव गॉट' ह्यांचा अर्थ एकच, दुसरं जास्त बोलण्यातलं, आणि ते वर्तमानापुरतंच ठेवा. काल माझ्याकडे वेळ होता ह्याला 'आय हॅड टाइम' म्हणा, 'हॅड गॉट' करू नका. 'आय हॅव गॉट टु गो' म्हणजे मला जायलाच पाहिजे, त्याचंच घाईत 'गॉटा' होतं. आता सावध राहा, 'आय गॉट टु गो' हे वाक्य दोन तोंडांचं आहे. घाईत 'हॅव' गाळून म्हटलं तर मला गेलं पाहिजे, आणि भूतकाळ म्हणून म्हटलं तर मला जायला मिळालं. एकात सक्ती, दुसऱ्यात भाग्य.

प्रश्न : माझा भाचा म्हणतो मामी तुझं 'आय ॲम नॉट गेटिंग यू' चुकीचं आहे. मी तर वर्षानुवर्षं फोनवर हेच म्हणते आणि समोरच्याला कळतं.

कळतं हे खरंच, आणि आपल्याकडे सगळेच म्हणतात, तेव्हा भाच्याला म्हणावं फार शहाणपणा नको. पण बाहेरच्या माणसाशी बोलत असाल तर समजणं ह्या अर्थी गेटला 'इंग' लावत नाहीत. 'आय डोन्ट गेट इट' म्हणायचं, किंवा नम्रपणे 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट'. आणि 'यू' असं माणसाला धरून म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं तुमचा आक्षेप त्याच्या बोलण्यावर नाही, त्याच्या स्वभावावर आहे, म्हणजे हा प्राणीच मला कळत नाही बुवा.

असे अजून तीन नमुने आपल्या बोलण्यात सर्रास आहेत ते ह्याच निमित्तानं सांगून टाकते.

'आय ॲम गेटिंग लेट'. आपल्याला म्हणायचं असतं मला उशीर होतोय. इंग्रजीत ह्या अर्थी 'गेटिंग लेट' माणसाला लावत नाहीत, वेळेला लावतात, म्हणून 'इट इज गेटिंग लेट', आणि स्वतःबद्दल बोलायचं तर 'आय ॲम रनिंग लेट' किंवा सरळ 'आय ॲम लेट'.

'आय गॉट टु नो दॅट ही रिझाइन्ड'. त्यानं राजीनामा दिल्याचं मला कळलं. इथे 'आय फाउंड आउट' किंवा 'आय हर्ड'. 'गेट टु नो' म्हणजे हळूहळू ओळख होणं, माणसाशी, गावाशी, कामाशी. बातमी एका क्षणात कळते, तिची ओळख होत नाही.

आणि 'गेट डाउन फ्रॉम द बस'. झाडावरून, शिडीवरून गेट डाउन ठीक, बसमधून 'गेट ऑफ'. नुसतं 'गेट डाउन!' कुणी ओरडलं तर खाली वाका असा अर्थ होतो, डोक्यावरून काहीतरी येतंय.

प्रश्न : बसला 'गेट ऑन' आणि कारला 'गेट इन' का? दोन्हींत आपण आतच बसतो.

ढोबळ खूण अशी, ज्यात उभं राहून चालता-फिरता येतं त्याला ऑन-ऑफ, म्हणजे बस, ट्रेन, विमान, जहाज. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला इन-आउट, कार, टॅक्सी, छोटी होडी. सायकल, घोडा ह्यांच्यावर तर आपण खरंच वर बसतो म्हणून ऑन. पुढे जाऊ.

प्रश्न : गेटचे सगळे फ्रेझल व्हर्ब (म्हणजे गेटला अवे, ओव्हर, बाय असा लहान शब्द जोडून होणारी क्रियापदं) अर्थासह छापाल का? स्पर्धा परीक्षेसाठी हवेत.

सगळे छापले तर अंकात दुसरं काही मावणार नाही. आणि यादीनं ते येत पण नाहीत, एकेकाला मराठीतला जोडीदार शोधून दिला की मात्र जन्मात विसरत नाहीत, निदान माझं तरी तसंच आहे. काही जोड्या देते.

'गेट अवे विथ'. पुस्तकात ह्याचा अर्थ शिक्षेविना सुटणे असा कोरडा दिलेला असतो. मराठीत ह्याला फर्मास शब्द आहे, पचणं. 'ही गॉट अवे विथ इट', त्याला ते पचलं. 'यू वोन्ट गेट अवे विथ धिस', हे तुला पचायचं नाही. चोरी, लबाडी, उद्धटपणा, उशिरा येणं, सगळं पचतं किंवा पचत नाही.

'गेट राउंड टु'. वेळ काढून एखादं काम हाती घेणं, आणि बहुतेक वेळा हे नकारातच येतं. 'आय नेव्हर गॉट राउंड टु इट', त्याला मुहूर्तच लागला नाही. इतकं नेमकं भाषांतर फार कमी वेळा हाती लागतं.

'गेट ओव्हर' म्हणजे सावरणं, आजारातून, धक्क्यातून, प्रेमभंगातून. पण 'आय कान्ट गेट ओव्हर इट' असं हसत हसत म्हटलं तर अजून माझा विश्वासच बसत नाहीये, आणि कुणी त्रासून 'गेट ओव्हर इट' म्हटलं तर, झालं ते झालं, किती उगाळणार. तीन वाक्यं, तीन चेहरे, म्हणून टोन बघितल्याशिवाय उत्तर टिक करू नका. 'गेट बाय' म्हणजे भागणं, निभावणं. 'गेट अलाँग' पटणं. 'गेट ॲक्रॉस' म्हणणं समोरच्याच्या गळी उतरवणं. 'गेट थ्रू' म्हणजे पार पडणं, आणि फोनवर असेल तर लागणं, 'आय कुडन्ट गेट थ्रू', फोन लागला नाही. 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट?' म्हणजे तुला म्हणायचंय काय नक्की, रोख कुणीकडे आहे तुझा.

फ्रेझल नसलेलेही काही आहेत, 'गेट विंड ऑफ' कुणकुण लागणं, 'गेट द हँग ऑफ' हात बसणं, 'गेट कोल्ड फीट' ऐनवेळी कच खाणं, 'गेट ईव्हन' उट्टं काढणं, 'गेट कॅरिड अवे' वाहवत जाणं, आणि 'गेट ऑन माय नर्व्हज' म्हणजे डोक्यात जाणं. शेवटच्यात इंग्रजांच्या नसांवर जातं आणि आपल्या डोक्यात जातं, त्रास तेवढाच.

प्रश्न : 'ही वॉज फायर्ड' आणि 'ही गॉट फायर्ड' ह्यात फरक काय?

बातमी तीच, नोकरी गेली. पण 'वॉज' म्हणजे कागदावरची नोंद, आणि 'गॉट' म्हटलं की बोलणारा त्या माणसाकडे बघून बोलतोय असं वाटतं, बिचाऱ्याला काढलं, किंवा मग स्वतःच्याच करणीनं काढून घेतलं. म्हणून ज्यात कुणाचं बरंवाईट होतं अशाच गोष्टींना हे गेट शोभतं, गॉट हर्ट, गॉट कॉट, गॉट प्रमोटेड, गॉट रॉब्ड. 'द ब्रिज गॉट बिल्ट इन १९३२' असं कुणी निबंधात लिहिणार नाही, पुलाला काय त्याचं.

प्रश्न : मी बारावीत आहे. आमचे सर निबंधातले सगळे गेट लाल पेनने कापतात, म्हणतात हा आळशी शब्द आहे. मग शिकायचा कशाला?

सरांचं निम्मं बरोबर आहे. अर्ज, अहवाल, निबंध ह्यात 'आय गॉट युअर लेटर'पेक्षा 'रिसीव्ह्ड' बरं दिसतं, 'गेटिंग वर्स'पेक्षा 'वर्सनिंग' किंवा 'बिकमिंग वर्स' बरं दिसतं, कारण तिथे वाचणाऱ्याला नेमका शब्द हवा असतो आणि गेट नेमका कधीच नसतो. पण म्हणून सरसकट गेट दिसला की 'ऑबटेन' लावलास तर तुझं इंग्रजी कोर्टाच्या नोटिशीसारखं होईल. मित्राला 'प्लीज ऑबटेन मी सम वॉटर' म्हणून बघ. तर लिहिताना एकेक गेट तपासायचा, ह्याच्या जागी नेमकं क्रियापद आहे का, असेल आणि वाक्य जड होत नसेल तर घालायचं, नाहीतर राहू दे. आणि बोलताना कुणीही कापायला बसलेलं नसतं, तिथे मनसोक्त वापर.

प्रश्न : एका इंग्रजी मालिकेत बेल वाजते आणि बाई म्हणते 'आय विल गेट इट', पुढे हॉटेलात बिल येतं तेव्हा नवरा म्हणतो 'आय विल गेट धिस', आणि शेवटी गुंड म्हणतो 'आय विल गेट यू'. तिघंही काय मिळवणार आहेत?

बाई दार उघडणार आहे, तिचं 'मी बघते' आहे ते. फोन वाजला तरी हेच म्हणतात, मी घेते. नवरा बिल भरणार आहे, 'असू दे, मी देतो'. आणि गुंडाचं 'बघून घेईन तुला' आहे. आपल्याकडेही बघा ना, 'मी बघते' आणि 'बघून घेईन' ह्यात किती अंतर आहे. पण हाच गुंड जर म्हणाला असता 'आय विल गेट यू अ चेअर' तर तो खुर्ची आणून देणार होता, आणि 'आय विल गेट यू फ्रॉम द स्टेशन' म्हणाला असता तर स्टेशनवर घ्यायला येणार होता. म्हणून इंग्रजी ऐकताना वाक्य संपेपर्यंत घाबरू नये.

प्रश्न : गेट नाम म्हणून वापरतात का? आणि वेबसाइटच्या प्रोग्रॅमिंगमध्ये 'गेट' असतं ते हेच का?

हेच. ब्राउझर सर्व्हरला म्हणतो, अमुक पान दे, ती विनंती म्हणजे गेट. टिम बर्नर्स-ली ह्यांच्या वेबचा १९९१ सालचा जो पहिला एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर ह्यांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम) होता त्यात गेट ही एकच आज्ञा होती, माहिती पाठवायची 'पोस्ट' वगैरे मंडळी नंतर आली.

नाम म्हणून क्वचित. टेनिसमध्ये हाताबाहेर गेलेला चेंडू धावत जाऊन परतवला तर कॉमेंटेटर 'व्हॉट अ गेट!' म्हणतो, पत्रकारांत सहसा कुणाला न भेटणाऱ्या माणसाची मुलाखत मिळाली तर तिला 'बिग गेट' म्हणतात, आणि घोड्यांच्या पैदाशीत एखाद्या घोड्याची पिल्लं म्हणजे त्याचा गेट. ब्रिटिश लोक मूर्ख, नालायक माणसाला 'गिट' म्हणतात तोही ह्या पैदाशीवाल्या गेटमधूनच निघाला, म्हणजे मुळात तो बापाचा उद्धार होता. ज्यू धर्मात नवरा बायकोला घटस्फोटाचा जो कागद देतो त्यालाही गेट म्हणतात, पण तो हिब्रूतून आलेला, ह्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही.

पुढच्या अंकासाठी शब्द आहे 'जस्ट'. पत्रं लवकर पाठवा, आणि अक्षर जरा वाचता येईल असं काढा ही हात जोडून विनंती.